मुलांच्या मेंदूतल्या गाठी : आधी वय बघा, मग जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे : विचारणाऱ्यांच्या बहिणीच्या ६ वर्षांच्या मुलाला चार महिने सकाळी उलट्या व्हायच्या. पित्ताची औषधं झाली, जंताचं औषध झालं, शाळेचा कंटाळा करतो म्हणून बोलणीही खाऊन झाली. मग चालताना तोल जायला लागला, एमआरआय केला आणि लहान मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रिपोर्टवर ‘मेड्युलोब्लास्टोमा’ असं नाव आलं. आता घरच्यांना विचारायचंय की मुलांना कोणकोणत्या गाठी होतात, त्या मोठ्यांसारख्याच असतात का, चार महिने कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, आणि घरातल्या इतर मुलांचाही एमआरआय करून घ्यावा का.

मी गेली २४ वर्षं मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रिया करतो. ओपीडीत हे चारही प्रश्न मला याच क्रमानं विचारले जातात. पहिल्याचं उत्तर नीट कळलं की तिसऱ्याचं आपोआप कळतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एमआरआयची फिल्म हातात घेण्याआधी मी मुलाचं वय विचारतो. मग फिल्म लावून गाठ कुठे आहे ते बघतो. या दोन गोष्टींवरून गाठीचं नाव काय असेल याचा अंदाज पुष्कळ वेळा बरोबर येतो. मोठ्या माणसांत हे इतकं जमत नाही. मोठ्यांच्या मेंदूतल्या कितीतरी गाठी मुळात फुप्फुसाच्या, स्तनाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या कॅन्सरमधून तिथे आलेल्या असतात. ज्या मेंदूतल्याच असतात, त्या बहुतेक वर मोठ्या मेंदूत किंवा त्याच्या आवरणात. मुलांमध्ये दुसरीकडून आलेली गाठ क्वचित, आवरणाची गाठही क्वचित. साधारण पहिल्या वाढदिवसानंतर ते दहा-अकरा वर्षांपर्यंत निम्म्याहून जास्त गाठी मागे, मानेच्या वरच्या बाजूला, म्हणजे लहान मेंदू आणि मेंदूचा देठ असतो त्या अरुंद कप्प्यात निघतात.

असं का? कारण मुलांच्या बऱ्याच गाठी झिजेच्या किंवा व्यसनाच्या नसतात, वाढीच्या असतात. लहान मेंदूची बांधणी बाळ जन्मल्यावरही चालू राहते. बाहेरच्या थरातल्या पेशी भराभर वाढतात, आत सरकतात आणि साधारण दीड-दोन वर्षांत आपलं काम संपवून थांबतात. इमारत पूर्ण झाल्यावर गवंडी सामान आवरून जातात तसं. त्यातल्या एखाद्या पेशीला ‘थांब’ हा निरोप पोचलाच नाही, तर ती वाढतच राहते. मेड्युलोब्लास्टोमाचा एक प्रकार नेमका असाच सुरू होतो. म्हणून आईवडिलांना मी पहिल्याच भेटीत सांगतो की तुम्ही काय खायला दिलंत, कधी ओरडलात, गरोदरपणी कुठलं ग्रहण पाळलं नाही, याचा या गाठीशी काही संबंध नाही. आया हा प्रश्न तोंडानं विचारत नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत तो असतो. तो न विचारताच त्याचं उत्तर द्यावं लागतं.

आता वयाप्रमाणे सांगतो.

तान्ह्या बाळांत, म्हणजे पहिल्या वर्षात, चित्र उलटं असतं. गाठी बहुधा वरच्या भागात. मेंदूत पाणी तयार करणाऱ्या जाळीची गाठ, जन्मतःच असलेली मिश्र गाठ, किंवा एटीआरटी नावाची फार आक्रमक गाठ. एटीआरटी वर होते तशी मागेही होते आणि मुख्यतः ३ वर्षांच्या आतल्या मुलांना होते. तिची ओळख मायक्रोस्कोपखाली एका प्रथिनाच्या अनुपस्थितीवरून पटते. त्याचं नाव आयएनआय-१. ते नसेल तर निदान जवळपास पक्कं. या वयाच्या बाळाला डोकं दुखतंय असं सांगता येत नाही, आणि त्याची टाळू भरलेली नसल्यामुळे डोकं ताण सहन करत मोठं होत जातं. टाळू फुगून कडक लागते, कपाळावरच्या शिरा ठळक होतात, आणि डोळ्यांची बुबुळं खाली झुकून वरचा पांढरा भाग दिसायला लागतो. आम्ही त्याला मावळत्या सूर्याचे डोळे म्हणतो. लसीकरणाच्या कार्डावर डोक्याचा घेर लिहायची जागा असते, ती रिकामी असते हे मी शेकडो वेळा बघितलंय. साध्या टेपनं, दहा सेकंदांत होणारं माप आहे ते.

याच वयातलं एक चित्र आहे, जे एकदा बघितलं की विसरता येत नाही. बाळ दूध पितं, खातं, आणि तरी वाळत जातं. हातापायावर मांस उरत नाही, बरगड्या मोजता येतात. पण चेहरा टवटवीत, डोळे भिरभिरते, हसरं. कुपोषित मूल असं हसत नाही, ते मलूल असतं. या बाळांमध्ये डोळ्यांच्या नसांवर आणि हायपोथॅलॅमसवर, म्हणजे भूक आणि वजन सांभाळणाऱ्या मेंदूच्या तळच्या भागावर, हळू वाढणारी गाठ असते. असं एक बाळ माझ्याकडे आलं, तेव्हा त्याच्या आईनं सहा महिने पोषण आहाराची पाकिटं, खिमट, नाचणीचं सत्त्व, सगळं न चुकता दिलं होतं. वजनाच्या तक्त्यावर ठिपके खाली खाली जात होते आणि प्रत्येक भेटीत तिलाच बोलणी बसत होती. बाळाला मांडीवर घेतलं तेव्हा ते माझ्या चष्म्याशी खेळायला लागलं, आणि त्याचे डोळे बारीक थरथरत होते. ती थरथर आईलाही माहीत होती. कुणी विचारलंच नव्हतं.

तीन ते दहा वर्षं हा माझ्या कामाचा सगळ्यात मोठा भाग. इथे चार नावं लक्षात ठेवली की बरंचसं झालं.

पहिलं पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा. मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी, आणि सगळ्यात दिलासा देणारी. दर्जा १, म्हणजे कॅन्सरच्या अर्थानं वाईट नाही. लहान मेंदूत पाण्याचा फुगा आणि त्याच्या एका भिंतीला चिकटलेली छोटी गाठ असं तिचं ठरलेलं रूप. फुगा उघडला की पिवळसर पाणी येतं. ती गाठ पूर्ण निघाली तर बहुतेक मुलांना ना शेक (रेडिएशन) लागतो ना किमो, आणि ९० टक्क्यांहून जास्त मुलं दहा वर्षांनंतरही ठणठणीत असतात.

दुसरं मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे तुमच्या भाच्याची गाठ. घातक गाठींमध्ये मुलांत ही पहिली. मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, ५ ते ९ वर्षांत विशेष. अमेरिकेतल्या हार्वी कुशिंग आणि पर्सिव्हल बेली यांनी १९२५ साली तिचं वर्णन करून हे नाव दिलं. ती लहान मेंदूच्या मधोमध वाढते आणि मेंदूतल्या पाण्यातून पाठीच्या कण्यापर्यंत पेशी सोडू शकते. म्हणून नुसता डोक्याचा नाही, कण्याचाही एमआरआय लागतो. तिच्याबद्दल पुढे सविस्तर बोलतो.

तिसरं एपेंडायमोमा. हीसुद्धा लहान मेंदू आणि देठ यांच्यामधल्या, पाण्यानं भरलेल्या पोकळीतली, पण हिची चाल वेगळी. ती बाजूच्या छिद्रांतून बाहेर सरकते आणि गिळण्याच्या, आवाजाच्या, चेहऱ्याच्या नसांना बिलगून बसते. मेड्युलोब्लास्टोमा बहुधा मऊ असतो, सक्शननं निघत जातो. एपेंडायमोमा काढताना एकेक नस सोडवत बसावं लागतं, आणि हिच्या बाबतीत किती गाठ निघाली यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं. त्यामुळे गरज पडली तर दुसऱ्यांदाही आत जावं लागतं.

चौथं नाव घेताना आजही माझा आवाज उतरतो. मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये, पसरत जाणारी डीआयपीजी. ५ ते १० वर्षांची मुलं. अगदी थोड्या आठवड्यांत एक डोळा आत वळतो, चेहरा एका बाजूला उतरतो, चाल बिघडते, बोलणं जड होतं. इतक्या लवकर एवढं सगळं एकत्र झालं की मनात धस्स होतं. गाठ वेगळी नसते, देठाच्या धाग्यांतच मिसळलेली असते, म्हणून ऑपरेशननं काढता येत नाही. शेक दिल्यावर काही महिने बरे जातात, पण निदानापासून साधारण ९ ते १२ महिन्यांच्या आसपासच बहुतेकांचा प्रवास थांबतो. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांची लहानगी मुलगी कॅरन देठाच्याच गाठीनं जानेवारी १९६२ मध्ये गेली. त्यानंतर इतकी वर्षं या गाठीपुढे आमचं फारसं काही चाललं नाही. २०१२ साली हिच्या पेशींतला हिस्टोन नावाच्या प्रथिनाचा एक ठरावीक बिघाड सापडला, तेव्हापासून सुईनं नमुना घेऊन तपासणं वाढलंय आणि औषधांच्या चाचण्या सुरू आहेत. पण आईवडिलांना खोटी आशा मी देत नाही. घर-जमीन विकून परदेशी जाण्याआधी एकदा माझ्याशी बसून बोला, एवढं मात्र आवर्जून सांगतो.

दहा वर्षांच्या आसपास गाठी पुन्हा वर आणि मधोमध सरकायला लागतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाढ सांभाळणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीच्या वर होणारा क्रेनिओफॅरिंजिओमा कॅन्सर नसतो, पण मुलाचं आयुष्य तो बदलून टाकतो. त्यात कॅल्शियमचे खडे असतात आणि फुग्यात गाडीच्या जळक्या ऑइलसारखं दाट पाणी, त्यात चकाकणारे कण. लक्षणं इतकी सावकाश येतात की ती कुणाला आजाराची वाटतच नाहीत. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग असते. तिसरीत मधे उभा राहणारा मुलगा पाचवीत पहिला उभा राहतो. रात्री दोन-तीनदा उठून पाणी पितो. बाजूनं येणारी सायकल त्याला दिसत नाही, कारण दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू अंधारत गेलेली असते. फळ्यावरचं दिसतं, म्हणून चष्म्याच्या दुकानात नंबर काढून परत पाठवतात. नंबर तपासणं वेगळं आणि दृष्टीचा घेर तपासणं वेगळं.

पौगंडावस्थेत, मुलग्यांत विशेष, मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनियल ग्रंथीपाशी जर्म सेलच्या, म्हणजे प्रजननपेशींच्या जातीच्या, गाठी होतात. जपान आणि पूर्व आशियात त्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आढळतात. ‘वर बघ’ म्हटलं की हा मुलगा डोळे वर न नेता हनुवटीच वर करतो. इथे घाईनं चाकू धरायचा नसतो. रक्त आणि पाठीतलं पाणी घेऊन त्यात एएफपी आणि बीटा-एचसीजी ही गाठीतून सुटणारी द्रव्यं किती आहेत ते बघायचं. त्यावरून काही प्रकार ऑपरेशनशिवायही ओळखता येतात, आणि जर्मिनोमा नावाचा प्रकार किमो-शेकानं ९० टक्क्यांहून जास्त मुलांत बरा होतो. याच वयात, किंवा थोडं आधी, फक्त आकडीनं उघडकीला येणाऱ्या, कानशिलाच्या भागातल्या सौम्य गाठीही असतात. अशा गाठीसह फीटचा मूळ भाग नीट काढला की वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्या मुलाची फीट पुष्कळदा थांबते.

भारतात या यादीत एक गोष्ट जोडावीच लागते. मेंदूत डाग दिसला म्हणजे ट्यूमरच, असं नाही. आपल्याकडे टीबीची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची गाठ मुलांमध्ये भरपूर दिसते, आणि दोन्ही औषधांनी बऱ्या होतात. याची उलटी बाजूही आहे. उलट्या, डोकेदुखी, मेंदूत वाढलेलं पाणी, म्हणजे टीबीच, असं धरून औषधं सुरू होतात आणि सोबत स्टेरॉइड दिलं जातं. स्टेरॉइडनं ट्यूमरभोवतीची सूजही उतरते. मूल आठ-दहा दिवस खेळायला लागतं, सगळ्यांना वाटतं औषध लागू पडलं. मग डोस कमी केला की पुन्हा तेच. असं झालं तर निदानावरच शंका घ्यावी.

आता तुमचा तिसरा प्रश्न, चार महिन्यांचा.

लहान मेंदू आणि देठ यांच्यामध्ये एक चिंचोळी पोकळी आहे. मेंदूत तयार होणारं सगळं पाणी तिथूनच बाहेर पडतं. तिथे गाठ वाढली की मोरीच्या तोंडाशी बोळा अडकल्यासारखं होतं, पाणी मागे तुंबतं आणि डोक्यातला दाब वाढतो. रात्री आडवं झोपल्यावर तो आणखी वाढतो. म्हणून उलटी पहाटे किंवा उठल्या उठल्या होते. बहुतेकदा आधी फारशी मळमळ नसते, पोट दुखत नाही, जुलाब नसतात. उलटी झाली की डोकं हलकं होतं, मूल पोहे खातं आणि दप्तर घेऊन शाळेत जातं. दुपारी त्याला बघणाऱ्या कुणालाही ते आजारी वाटणार नाही. आपल्या घराघरांत सकाळच्या उलटीला एकच नाव आहे, पित्त. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेच अॅसिडिटी होतं. उलटी थांबवायचं औषध मिळतं, दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर बदलतो, आणि नव्या डॉक्टरकडे मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. या मुलांची फाइल मी उलगडतो तेव्हा त्यात चार-पाच डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतात. एकेक चिठ्ठी वेगवेगळी वाचली तर कुणाचं फारसं चुकलेलं नसतं. सगळ्या तारखेप्रमाणे टेबलावर मांडल्या की गाठ दिसायला लागते.

म्हणून तुमच्या बहिणीला आणि भावजींना माझ्याकडून सांगा, हे एकट्या तुमच्या घरात घडलेलं नाही. ब्रिटनसारख्या देशातही निदानाला तीन महिन्यांहून जास्त लागत होते. तिथे २०११ मध्ये ‘हेडस्मार्ट’ नावाची मोहीम सुरू झाली. वयाप्रमाणे लक्षणांची छोटी कार्डं पालकांना, शाळांना आणि डॉक्टरांना वाटली गेली, आणि काही वर्षांत तो काळ जवळजवळ निम्म्यावर आला. त्यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. आपल्याकडे आशाताई आणि अंगणवाडी सेविकांचं एवढं मोठं जाळं आहे. मराठीत असं एक कार्ड त्यांच्या हातात का नसावं, हे मला कळत नाही, आणि भेटेल त्या अधिकाऱ्याला मी ते विचारतो.

पालकांनी काय बघायचं? नुसती डोकेदुखी ही बहुतेक वेळा अर्धशिशी, अपुरी झोप किंवा सर्दीची असते. त्यानं घाबरून जाऊ नका. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ सकाळची उलटी, झोपेतून जागं करणारी डोकेदुखी, नव्यानं आलेला तिरळेपणा, एका बाजूला कललेली मान, सरळ चालणाऱ्या मुलाचं पाय फाकवून चालणं, वळणदार अक्षर एकाएकी बिघडणं, यातलं काहीही असेल, आणि दोन गोष्टी एकत्र असतील तर हमखास, बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा, ‘डोळ्यांचा पडदा तपासला का?’ डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घालून मागची नस सुजलीय का ते बघतात. ती सुजलेली नसली तरी गाठ नाही असं होत नाही. सुजलेली असेल तर मात्र त्याच दिवशी स्कॅन.

मान कलण्याबद्दल एक सांगतो. आईवडील म्हणतात, ‘नाही हो, मान तर सरळच होती.’ मग मी त्यांचा मोबाइल मागतो आणि आम्ही तिघं मिळून फोटो मागे मागे सरकवत जातो. गणपतीतला फोटो, राखीचा, जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या गणवेशातला. दिवाळीच्या फोटोत मान उजवीकडे, गणपतीत थोडी कमी, राखीला सरळ. गाठ किती दिवसांची असावी याचा अंदाज मला एमआरआयपेक्षा या फोटोंतून कितीदा मिळालाय. आणि ओपीडीत फरशीची सांधरेघ आहेच. तिच्यावरून टाचेला चवडा लावत चालायला सांगितलं की मूल खेळ समजून हसत चालतं, आणि तिसऱ्या पावलाला पडायला होतं.

आता तुमच्या भाच्याच्या गाठीबद्दल. मेड्युलोब्लास्टोमा हे एक नाव असलं तरी आत चार कुटुंबं, म्हणजे उपगट, आहेत : डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणापासून ही जनुकीय ओळख निदानाचा भाग झाली. डब्ल्यूएनटी जरा मोठ्या मुलांत होते आणि सगळ्यात चांगला प्रतिसाद देते, ९० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. एसएचएच तान्ह्यांत आणि पुन्हा तरुण वयात. गट ३ लहान मुलांत, मुलग्यांत जास्त, निदानाच्या वेळीच कण्यात पसरलेला असण्याची शक्यता मोठी, आणि सगळ्यात हट्टी. गट ४ सगळ्यात जास्त आढळतो, आणि त्याचा निकाल साधारण मधला. चांगल्या केंद्रात, पसरलेली नसलेली आणि पूर्ण निघालेली गाठ असेल, तर ५ वर्षांनी १०० पैकी ८० च्या आसपास मुलं आपल्यात असतात.

डब्ल्यूएनटी इतकी बरी होते, तर उपचार कमी करता येतील का, हा प्रश्न आमच्या सगळ्यांच्या मनात होता. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी अशा मोजक्या मुलांना पूर्ण डोकं आणि कण्याचा शेक न देता फक्त गाठीच्या जागी देऊन बघितला. गाठ मेंदूच्या दुसऱ्या भागात आणि कण्यात परत यायला लागली, तसा तो प्रयोग थांबवला. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘शेक टाळता येईल’ असं सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. ३ वर्षांखालच्या मुलांत आम्ही शेक शक्यतो टाळतो किंवा लांबवतो, कारण वाढत्या मेंदूवर तो फार जड जातो. ६ वर्षांच्या मुलात तो टाळू नका. नेहमीच्या जोखमीच्या, म्हणजे गाठ पसरलेली नाही आणि पूर्ण निघाली अशा, मुलांना डोकं आणि कण्याला साधारण २३.४ ग्रे (शेकाच्या मात्रेचं माप) आणि गाठीच्या जागी एकूण ५४ ग्रेपर्यंत देतात. नंतर किमो. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांत शेक सुरू व्हायला हवा. तारखा मिळत नाहीत, पैसे जमत नाहीत, मुलाला ताप आहे, अशात आठवडे निघून जातात. ते जाऊ देऊ नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मदत कक्षात पहिल्याच दिवशी कागद द्या. मुंबईत उपचार असतील तर राहायची सोय परळ-दादरच्या धर्मशाळांत होते. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा या कुटुंबांना अनेक वर्षं सांभाळतेय. रुग्णालयातल्या समाजसेवकाकडून चिठ्ठी घ्या.

ऑपरेशननंतर तो बोलत नसेल, तर त्याबद्दलही लिहितो, कारण प्रश्नात ते नाही पण असू शकतं. लहान मेंदूच्या मधल्या गाठीनंतर साधारण चारपैकी एका मुलाचं बोलणं बंद होतं. पहिल्या दिवशी ते ‘आई’ म्हणतं, पाणी मागतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गप्प होतं. रडतं, चिडतं, मान टाकतं, शब्द नाही. आईला वाटतं ऑपरेशननं मुलाचा मेंदू गेला. काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, शब्द परत येतात. पुढे बोलणं थोडं संथ, अडखळत राहू शकतं. मी एका मुलीच्या खाटेपाशी रोज सकाळी जायचो, ती भिंतीकडे बघत पडलेली असायची. पाचव्या आठवड्यात आजीनं तिच्यापुढे डबा उघडला आणि म्हणाली, ‘भाकरी आणलीय.’ मुलगी म्हणाली, ‘चटणी?’ वॉर्डातल्या सगळ्या आया उठून उभ्या राहिल्या. ऑपरेशनआधी मी प्रत्येक घराला हे सांगतो. आधी सांगितलेलं असलं की ते पाच आठवडे निदान काढता येतात.

इतर मुलांच्या एमआरआयचा प्रश्न. बहुतेक गाठी कुठल्याही घरात, कुठल्याही कारणाशिवाय होतात. साधारण दहातल्या एका मुलात जन्मतः आलेला जनुकीय दोष सापडतो. तो कुणात शोधायचा, यालाही काही खुणा आहेत. अंगावर कॉफी सांडल्यासारखे सहा किंवा जास्त डाग असतील तर एनएफ-१ नावाचा जनुकीय आजार, आणि अशा मुलांत डोळ्यांच्या नसांची गाठ होऊ शकते. ती बऱ्याचदा नुसती नजरेखाली ठेवली तरी चालते. एसएचएच प्रकार असेल, किंवा घराण्यात तरुणपणी कॅन्सर झालेले लोक असतील, तर जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्या. भाच्याचा उपगट कळेपर्यंत तुमच्या मुलांना काहीही करायची गरज नाही. घाबरून केलेल्या एमआरआयमध्ये कसला तरी निरुपद्रवी ठिपका निघतो आणि वर्षभर झोप उडते. मोबाइलबद्दलही विचारतातच. १४ देशांत, त्यात भारतही, १० ते २४ वर्षांच्या तरुणांमध्ये झालेल्या ‘मोबी-किड्स’ अभ्यासात मोबाइल आणि मेंदूच्या गाठी यांचा संबंध दिसला नाही. मोबाइल काढून घ्या, पण डोळ्यांसाठी आणि झोपेसाठी.

आता या आठवड्यात करायची कामं. गाठीचा मेणातला नमुना, ज्याला पॅथॉलॉजीत ब्लॉक म्हणतात, तो मागून घ्या आणि मोठ्या केंद्रात दुसऱ्यांदा तपासून उपगट काढून घ्या. ब्लॉक तुमच्या हक्काचा आहे, पोच देऊन घ्या, उन्हात गाडीत ठेवू नका. ऑपरेशननंतर ७२ तासांच्या आत केलेल्या एमआरआयचा रिपोर्ट आहे का बघा, आणि कण्याचा एमआरआय झाला नसेल तर तो आधी. शंट, म्हणजे डोक्यात तुंबलेलं पाणी उतरवणारी नळी, बसवला असेल तर त्याचं नाव आणि तारीख एका कागदावर लिहून पाकिटात ठेवा. पुन्हा उलट्या सुरू झाल्या तर कुठल्याही गावातल्या डॉक्टरला तो कागद दाखवता येईल. किमोत सिस्प्लॅटिन असेल तर सुरू होण्याआधी कानाची तपासणी करून घ्या, ते औषध ऐकू येणं कमी करतं. आणि येताना नुसते रिपोर्ट आणू नका. पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या एमआरआयच्या सीड्या आणा, आणि बहिणीच्या मोबाइलमधले त्याचे गेल्या सहा महिन्यांचे फोटोही.